घरी बांधलेले विमान आणि रात्रीचे दिवे

रात्री गच्चीवर उभे राहून आकाशातून जाणारे विमान तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. पुढच्या वेळी त्याच्या दिव्यांकडे जरा लक्ष देऊन पाहा. डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा दिवा, उजव्या टोकाला हिरवा आणि शेपटीला पांढरा. ही रीत विमानांनी जहाजांकडून उचलली. तांबडा आणि हिरवा दिवा नाकाच्या सरळ रेषेपासून आपापल्या बाजूला ११० अंशांपर्यंतच दिसतो. उरलेले मागचे १४० अंश पांढऱ्या दिव्याच्या वाट्याला येतात. बेरीज करून पाहा, पूर्ण वर्तुळ भरते.

आता समजा, तुम्ही अंधारात विमान चालवीत आहात आणि समोर दुसरे विमान आहे. त्याचा आकार मुळीच दिसत नाही. नुसता तांबडा दिवा दिसला, तर ते तुमच्या उजवीकडून डावीकडे चालले आहे. नुसता पांढरा दिसला, तर ते दूर जात आहे. पण हिरवा तुमच्या डाव्या हाताला आणि तांबडा उजव्या हाताला असे दोन्ही एकदम दिसले, तर ते सरळ तुमच्या अंगावर येत आहे! अमेरिकेतील नियमांप्रमाणे या रंगीत दिव्यांचा प्रकाश समोरच्या दिशेला किमान ४० कँडेला असावा लागतो, म्हणजे ढोबळमानाने ४० मेणबत्त्यांइतका. टक्कर टाळण्यासाठी मिनिटाला ४० ते १०० वेळा चमकणारा आणखी एक दिवा असतो, तो ४०० कँडेलांचा. हे दिवे वैमानिकाला वाट दाखवीत नाहीत. 'मी येथे आहे आणि अमुक दिशेला जात आहे' एवढेच ते इतरांना सांगतात. ते विझले, तर विमान मुके होते.

मोठ्या कंपनीच्या विमानात प्रत्येक दिवा, प्रत्येक तार आणि प्रत्येक बटण तपासून मंजूर केलेले असते. पण जगात अशीही हजारो विमाने उडतात, की ज्यांच्या तारा कोणी शिक्षकाने, डॉक्टरने किंवा शेतकऱ्याने आपल्या मोटारीच्या गॅरेजमध्ये बसून ओढलेल्या असतात. या छंदाचे माहेरघर म्हणजे अमेरिका. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकी येथे हौशी विमानबांधकांची संघटना काढली. तिचा वार्षिक मेळावा १९७० पासून ऑशकॉश या गावी भरतो. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असावे आणि ते स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी केलेले असावे, अशी तेथील कायद्याची अट आहे. कायद्यात 'शिक्षणासाठी' हा शब्द आहे, हे मला फार आवडते. आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. ते २०१६ मध्ये मुंबईच्या प्रदर्शनात पुष्कळांनी पाहिले.

छंद गोड असला तरी धोका खरा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली या विमानांचा खास अभ्यास केला. तेव्हा तेथे अशी सुमारे ३३,००० विमाने होती. खासगी व इतर लहान विमानांच्या ताफ्यात त्यांचा वाटा दहावा हिस्सा. पण २०११ मधील प्राणघातक अपघातांत मात्र पाचवा हिस्सा. अपघातांची मुख्य कारणे दोन निघाली: इंजिनाचा बिघाड आणि विमानावरील ताबा सुटणे. मग दिव्यांचे आणि तारांचे काय घेऊन बसलात, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इंजिनातच आहे.

विमानाच्या जुन्या पद्धतीच्या इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी मॅग्नेटो असतो. सायकलच्या डायनामोसारखाच हा प्रकार. फिरणारे चुंबक स्वतःच वीज निर्माण करते, बॅटरी लागत नाही. जुन्या मोपेडला बॅटरी नसतानाही ती चालू होई, ती याच कारणाने. विमानात असे दोन मॅग्नेटो असतात. सारे दिवे, रेडिओ, सर्व काही बंद पडले तरी इंजिन फिरतच राहते. पण अनेक हौशी बांधक मोटारगाडीचे इंजिन बसवितात किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठिणगी पाडतात आणि विद्युतपंपाने इंधन चढवितात. इंधन वाचते, इंजिन सुरेख चालते. फक्त एक गोष्ट बदलते: आता वीज गेली की इंजिनही गेले.

वीज जाते कशी ते पाहू. इंजिनावरचा अल्टरनेटर सर्वांना वीज पुरवितो आणि उरलेल्या विजेने बॅटरी भारतो. एखाद्या रात्री त्याचा पट्टा तुटला. वैमानिकाच्या ते लगेच ध्यानात येईलच असे नाही, कारण दिवे चालूच असतात. आता ते बॅटरी खात असतात. हिशोब करा. बॅटरी १२ व्होल्टची, १७ अँपियर-तासांची. जुन्या पद्धतीचा १०० वॉटचा उतरण्याचा दिवा सुमारे ८ अँपियर घेतो, तीन रंगीत दिवे मिळून ६, चमकदिवा ६ आणि रेडिओ व उपकरणे ५. एकूण २५ अँपियर. १७ भागिले २५, म्हणजे सुमारे ४० मिनिटे. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण शिशाच्या बॅटरीतून जोराने प्रवाह ओढला की ती आपली पूर्ण क्षमता देत नाही. त्यात ती तीन वर्षांची जुनी असली तर विचारूच नका.

विचिटा येथील रॉबर्ट नकल्स यांनी हौशी बांधकांना विमानातील वीज शिकविण्यात अनेक वर्षे घालविली. त्यांच्या शिकवणुकीचा गाभा असा, की 'हा भाग बिघडेल का?' असे विचारू नका, तो बिघडणारच असे धरून चला. 'तो बिघडल्यावर माझ्या हाती काय उरेल?' असे विचारा. यातून एक साधी रचना निघते. अत्यावश्यक गोष्टी, म्हणजे एक रेडिओ, एक-दोन उपकरणे, त्यांच्यापुरता उजेड, यांना एका वेगळ्या पट्टीवरून वीज द्यायची आणि त्या पट्टीला थेट बॅटरीकडून येणारी दुसरी वाट ठेवायची. अल्टरनेटर गेल्याचा इशारा देणारा दिवा लागला, की वैमानिक मुख्य पट्टी बंद करतो. २५ अँपियरचा भार ४ अँपियरवर येतो. ४० मिनिटांचे चार तास होतात! त्यातले निम्मेच खरे धरले, तरी पेट्रोल संपण्याआधी एखादी धावपट्टी गाठता येते.

बिघाड बहुधा महागड्या यंत्रात होत नाही. तो सांध्यात होतो. एखादा सांधा शंभरात ९९ वेळा चांगला राहतो असे माना. असे १०० सांधे एकापुढे एक असले आणि सगळेच टिकायला हवे असले, तर ०.९९ ला स्वतःने शंभर वेळा गुणावे लागते. उत्तर येते ०.३७. म्हणजे तीनांत जवळजवळ दोन वेळा काही ना काही बिघडणार. प्रत्यक्षात चांगला सांधा याहून पुष्कळच विश्वासू असतो, पण गणिताचा कल हाच.

सांधा तुटतो तो कंपनाने. एक प्रयोग करा. बारीक तांब्याच्या तारांच्या जुडग्याचे टोक सोल्डरने घट्ट करा आणि तार पुढेमागे वाकवत राहा. सोल्डर जेथे संपते नेमके तेथेच ती तुटेल, कारण ताठ आणि लवचीक यांच्या सीमेवर सारा ताण एकवटतो. म्हणून विमानात कथिलाचा मुलामा दिलेल्या १९ बारीक तारांच्या जुडग्यावर तांब्याचा लग योग्य चिमट्याने दाबून बसवितात आणि लगाची बाही तारेच्या आवरणालाही पकडते, म्हणजे वाकण्याची जागा उघड्या तांब्यापासून दूर जाते. आवरणही घरगुती तारेचे चालत नाही. पीव्हीसी जळले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. बंद काचेखाली, दोन माणसांच्या जागेत, तो नाकात जाणे म्हणजे काय हे रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विचारा.

परतीच्या वाटेचे दुखणे आणखी निराळे. मोटारीचे मेकॅनिक ज्याला 'बॉडी अर्थ' म्हणतात, ती सोय अॅल्युमिनियमच्या विमानात मिळते. पण काच-तंतूंचे विमान विजेचे वाहक नाही. तेथे पंखाच्या टोकाच्या दिव्यालाही परतीची दुसरी तार ओढावी लागते. काही बांधक दोन अल्टरनेटर, दोन बॅटऱ्या, दोन इंधनपंप बसवून निर्धास्त होतात आणि या सर्वांच्या परतीच्या तारा एकाच बोल्टखाली आवळतात. शंभरात एकदा बिघडणाऱ्या दोन गोष्टी एकदम बिघडण्याची शक्यता दहा हजारांत एक, हे गणित त्या स्वतंत्र असतील तरच खरे. बोल्ट ढिला झाला की दोन्ही एका क्षणी जातात.

अलीकडे रंगीत दिव्यांच्या जागी एलईडी आले. जुन्या उतरण्याच्या दिव्याचा तंतू प्रखर प्रकाशासाठी इतका तापविलेला असे, की त्याचे आयुष्यच २५ तासांचे धरीत. एलईडीला तंतूच नाही, तेव्हा कंपनाची भीती फारशी नाही, आणि तिन्ही दिवे मिळून एखाद-दोन अँपियरमध्ये भागते. पण तो नवीच खोडी घेऊन आला. त्याला वीज पुरविणारे मंडल सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करते आणि त्यातून रेडिओ लहरी निघतात. घरच्या रेडिओवर मध्यम लहरींचे केंद्र लावून तो एखाद्या स्वस्त एलईडी बल्बजवळ न्या, बहुधा खरखर ऐकू येईल. विमानाचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर बोलतो, आणि तोही मध्यम लहरींच्या रेडिओप्रमाणे तरंगविस्तार बदलूनच, म्हणून अशी खरखर त्याला चटकन बाधते. बाजारातला मोटारीचा स्वस्त दिवा पंखाच्या टोकाला, एरियलच्या शेजारी लावला, तर दिवा लागताच नियंत्रण मनोऱ्याचा आवाज बुडू शकतो. दिवा ठीक, रेडिओही ठीक, पण दोघांचे एकमेकांशी पटत नाही. दिव्याला धातूचे कवच, तारेला पीळ आणि जोडीला गाळणीचे मंडल, असे उपाय आहेत. पण ते करण्याआधी दोष आहे हे कळायला हवे.

ते कळावे म्हणून नवे विमान आधी साधारण ४० तास, ठरवून दिलेल्या क्षेत्रात, प्रवासी न घेता उडवून पाहावे लागते. जाणता बांधक विजेची परीक्षा त्याही आधी, जमिनीवर घेतो. रात्री हँगरचे दिवे मालवून तो वैमानिकाच्या जागेवर बसतो. इंजिन बंद, फक्त ती वेगळी पट्टी चालू. मांडीवर वही, हातात घड्याळ. एकेक फ्यूज काढून काय बंद पडले ते तो लिहितो. मग सर्व फ्यूज परत बसवून स्वस्थ बसून राहतो आणि बॅटरीचा व्होल्टमापक ११ च्या खाली यायला किती मिनिटे लागली, तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहून समोरच्या फळीवर चिकटवतो.