बॅकअपसाठी टेप हवीच
खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत कर्करोगाच्या जनुकांवर संशोधन चालते. एका माणसाचा पूर्ण जनुकीय आराखडा वाचला, तर कच्ची माहितीच साधारण 100 जीबी भरते. अशी माहिती कुठेही वर्षानुवर्षे जपायची, तर नुसत्या हार्ड डिस्कवर विसंबून चालत नाही. डिस्क वेगवान खरी, पण ती बहुधा सतत जोडलेली असते. खंडणी मागणारे रॅन्समवेअर सर्व्हरमध्ये शिरले की जोडलेला बॅकअपही त्याच्या तावडीत सापडतो. उलट एलटीओ-9 या प्रकारच्या चुंबकीय टेपच्या तळहाताएवढ्या कार्ट्रिजमध्ये 18 टीबी मावतात आणि ती ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवली की तिला वीज लागत नाही, नेटवर्कवरचा हल्लेखोरही तिच्यापर्यंत पोचत नाही.

‘टेप जुनाट झाली, आता क्लाउड आहे ना?’ असे कोणी विचारेल. पण 2011 मध्ये सॉफ्टवेअरच्या दोषामुळे जीमेलच्या काही खात्यांतले ईमेल नाहीसे झाले, तेव्हा गूगलने ते टेपवरूनच परत आणले. टेपवरची एखादी फाइल शोधायला वेळ लागतो, हे मान्य; म्हणूनच रोजच्या कामाला डिस्क आणि दीर्घ साठ्याला टेप अशी विभागणी हवी. खारघरच्या पावसाळी दमट हवेत टेपची खोली वातानुकूलित ठेवा, एक प्रत दुसऱ्या शहरात ठेवा आणि ठरावीक काळाने टेपवरून फाइल परत उघडून पाहा. न तपासलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.