पिवळा पडलेला फ्लास्क

सोमवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला की नजर आधी रंगावर जाते. शुक्रवारी कॅन्सरच्या पेशींवर ताजं पोषक मीडियम घातलं तेव्हा ते पातळ कोकम सरबतासारखं होतं. आज पिवळंधमक. मीडियममधलं फिनॉल रेड आंबटपणा वाढला की पिवळं पडतं. तरी आधी फ्लास्क उजेडासमोर धरायचा. गढूळ दिसला तर बॅक्टेरिया शिरलेत. ब्लीच घालून ओतून द्यायचा, आठवडा पाण्यात. नितळ पिवळा असेल, तर पेशींनी साखर रिचवून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकलंय.

ही भूक १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ऑटो वॉरबुर्ग यांनी मोजली. गाठींचे पातळ काप भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवले, तरी ते ग्लुकोज पूर्ण जाळत नव्हते. अशा अर्धवट वापरातून एका ग्लुकोजमागे ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे जेमतेम दोन रेणू हाती लागतात. पूर्ण जाळलं तर तीसच्या आसपास. पेशींची श्वसनयंत्रणाच बिघडलेली असणार, असं वॉरबुर्ग यांना वाटलं. बहुतेक गाठींत ती शाबूत असते, हे पुढे कळलं. घर बांधायला निघालेला माणूस सगळं लाकूड चुलीत घालत नाही. भराभर वाढणाऱ्या पेशीला साखरेच्या तुकड्यांतून डीएनए आणि चरबीचा कच्चा माल हवा असतो.

साखरेचा माग काढणाऱ्या पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते ती याच भुकेमुळे.

माझ्या मावशीने स्वतःचा तसा स्कॅन पाहिला आणि साखर सोडली. मग भात, मग फळं. महिन्याभरात चार किलो उतरली. फोनवर म्हणाली, "गाठ उपाशी मरेल ना गं?"

मला त्याच आठवड्यातला प्रयोग आठवला. मीडियममधलं ग्लुकोज काढून गॅलॅक्टोज घातलं होतं. त्यातून पेशींना झटपट ऊर्जा मिळत नाही. चौथ्या दिवशीही रंग गुलाबीच. मेल्या असतील म्हणून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर तळाला घट्ट चिकटलेल्या, मधूनच एखादी गोल होऊन विभागायच्या तयारीत. वाढ मंदावली होती, पण ग्लुटामाइन हे अमिनो आम्ल जाळून त्यांनी मायटोकॉन्ड्रियावर भागवलं होतं. फ्लास्कमध्ये ही गत, आणि शरीरात तर ताटातली साखर बंद केली तरी यकृत ग्लुकोज बनवतच राहतं. "गाठीआधी तूच वाळशील, मावशी," मी म्हणाले, "आजच्या आज आहारतज्ज्ञांना भेट."

उपाशी ठेवायची कल्पना खोटी नाही, पण नेमकं काय तोडायचं ते कळावं लागतं. १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन किड यांना दिसलं, की गिनीपिगचं सीरम टोचल्यावर उंदरांतल्या काही लिम्फोमा विरघळतात. त्यामागे अ‍ॅस्परॅजिनेज हे विकर होतं, हे पुढे समजलं. ते रक्तातलं अ‍ॅस्परॅजिन तोडतं. बहुतेक निरोगी पेशी हे अमिनो आम्ल स्वतः बनवतात. लहान मुलांत आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींना ते पुरेसं बनवता येत नाही. आज या मुलांच्या उपचारांत हे विकर औषध म्हणून असतंच. इतका नेमका घाव मला फार थोड्या औषधांत दिसतो.

सध्या माझ्या ट्रेमध्ये सहा फ्लास्क आहेत, प्रत्येकात एकेक अमिनो आम्ल वगळलेलं. पाच पिवळे व्हायला लागलेत. सहावा अजून गुलाबी आहे, आणि आज त्याच्या तळाशी चिकटलेल्या पेशी कालच्यापेक्षा कमी मोजल्या.