जुनी गाडी, निरोगी गाडी (लेखांक ९) : कूलंट घटतं आणि गाडी आचके देते

गेल्या भागात थर्मोस्टॅट आणि पंख्याचा विषय संपवला. त्यानंतर एका वाचकांनी जी तक्रार कळवली, तिच्यासाठी हा अख्खा भाग देतो आहे, कारण हीच तक्रार उशिरा कळली की चांगल्या गाड्या भंगारात जातात. गाडी पंधरा वर्षांची, ऑटोमॅटिक. कूलंट हळूहळू कमी होतं, पण खाली थेंबही दिसत नाही. हमरस्त्यावर ताशी साठ-सत्तरच्या एकसारख्या वेगात गाडी मधूनच आचके देते आणि आरपीएमचा काटा वर-खाली नाचतो. एका गॅरेजने वॉटर पंप बदलायला सांगितलं, दुसऱ्याने थेट गिअरबॉक्स उतरवायला.

दोन्ही तक्रारी साधारण एकाच सुमारास सुरू झाल्या असतील, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत त्या एकच समजाव्यात. आणि गिअरबॉक्सला पाना लावण्याआधी रेडिएटर तपासावा.

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ, सतत तापतं. ते थंड करण्यासाठी दोन पाइप पुढे रेडिएटरकडे नेलेले असतात. बऱ्याच गाड्यांमध्ये तेलाचा कूलर वेगळा नसतो. तो रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीच्या आत, कूलंटमध्ये बुडवून बसवलेला असतो. एटीएफ आणि कूलंट यांच्यामध्ये असतो फक्त धातूचा पातळ पत्रा आणि पाइप जोडतात तिथलं सील. वर्षानुवर्षं तापून-निवून पत्र्याला चीर जाते किंवा सील सैल पडतं. मग गळती होते, पण आतल्या आत, म्हणून जमीन कोरडी राहते.

इंजिन चालू असताना गिअरबॉक्सचा पंप एटीएफ ढकलत असतो, त्यामुळे तेल कूलंटमध्ये शिरू शकतं. इंजिन बंद केलं की पंप थांबतो आणि तेलाचा दाब लगेच शून्यावर येतो. पण तापलेल्या कूलंटचा दाब बराच वेळ टिकतो. रेडिएटरचं झाकण तो साधारण १ बारच्या आसपास धरून ठेवतं. म्हणजे गाडी पार्किंगमध्ये उभी असतानाच कूलंट उलट्या दिशेने गिअरबॉक्सकडे ढकललं जातं. 'रात्री लेव्हल बरोबर होती, सकाळी उतरली' असं मालक सांगतात, ते उगाच नव्हे.

गिअरबॉक्समध्ये पोचलेलं हे पाणी आणि ग्लायकॉल पहिला घाव घालतं क्लचप्लेटवर. ऑटोमॅटिकच्या प्लेटवरचं अस्तर कागदाच्या जातीचं असतं आणि लोखंडी चकतीला चिकटवलेलं असतं. ते पाणी पितं, फुगतं, गोंद सुटायला लागतो. कन्व्हर्टरच्या आतला लॉकअप क्लच सगळ्यात आधी कुरकुरतो, कारण एकसारख्या वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर त्यालाच घट्ट धरून राहायचं असतं. तो धरतो, घसरतो, पुन्हा धरतो. तेच आचके.

ही काही तुरळक घटना नाही. अमेरिकेत निसानच्या २००५ ते २०१० च्या पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटिअर या गाड्यांमध्ये नेमकं हेच घडलं आणि इतक्यांच्या बाबतीत घडलं, की कंपनीला रेडिएटरची वॉरंटी ८ वर्षं किंवा ८० हजार मैलांपर्यंत वाढवावी लागली. तिथले गाडीवाले त्या गुलाबी, फेसाळ मिश्रणाला स्ट्रॉबेरी मिल्कशेक म्हणतात. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या मर्सिडीजच्या सी आणि ई क्लासमध्येही असाच दोष गाजला. तिथे मालकांना रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर जाणवायची आणि बरेच जण टायरचं बॅलन्सिंग करत बसायचे. त्या काळातल्या मर्सिडीज आज पुण्या-मुंबईत मोहात पाडणाऱ्या किमतीला मिळतात. अमेरिकेत शिकायला गेलेली आपली मुलं जुनी पाथफाइंडर हौसेने घेतात. दोन्हीकडे सौदा ठरण्याआधी रेडिएटर कधी बदलला, हे विचारलंच पाहिजे आणि बिल पाहिलं पाहिजे.

आता तपासणी. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा. झाकणाच्या आतल्या बाजूला, गळ्याशी बोट फिरवा. तेलकट, साय धरल्यासारखा थर लागला तर संशय बळावतो. नुसत्या रंगावर जाऊ नका. बऱ्याच गाड्यांचं कूलंट मुळातच लाल किंवा गुलाबी असतं. एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाका आणि वाळू द्या. कूलंट वाळतं, तेलाचा मात्र कागद पारदर्शक करणारा डाग मागे राहतो. वरचा होज पाइप दाबून पाहा. एटीएफने रबर फुगतं आणि मऊ, लिबलिबीत होतं.

मग गिअरबॉक्सची काडी. चांगलं एटीएफ लाल आणि आरपार दिसणारं असतं, जुनं झालेलं तपकिरी. दुधाळ गुलाबी दिसलं आणि लेव्हल खुणेच्या वर गेलेली असली, तर गाडी तिथेच उभी करा. ज्या गाड्यांना काडीच नाही, त्यांचं थोडं तेल गॅरेजमध्ये लेव्हल प्लगमधून काढून घ्यावं लागतं. शंका राहिली तर त्या तेलाचा एकच थेंब चांगल्या तापलेल्या लोखंडी पट्टीवर टाका, चेहरा लांब आणि डोळ्यांवर चष्मा ठेवून. निव्वळ तेल मुकाट पसरतं. पाणी असेल तर तडतडतं. ग्लायकॉल मात्र या परीक्षेत सापडत नाही, त्यासाठी वेगळी किट मिळते.

आचके नक्की कन्व्हर्टरचे की इंजिनच्या मिसिंगचे, हे रस्त्यावर कळतं. मोकळा, सरळ रस्ता बघून, मागे कोणी नसताना, गाडी आचके देत असतानाच ॲक्सिलरेटर तसाच धरून ब्रेकला अगदी हलका स्पर्श करा, दिवा लागेल एवढाच. ब्रेकचा स्विच लॉकअप सोडवतो. आचके तत्क्षणी थांबले तर दोष कन्व्हर्टरच्या क्लचकडे जातो. मिसिंग असेल तर ते तसंच चालू राहील.

गॅरेजकडून प्रेशर टेस्ट मागून घ्या. झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटं थांबायचं. काटा उतरला आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर गळती आत आहे. मग एटीएफचे दोन पाइप रेडिएटरपासून सोडवून पुन्हा दाब द्यायचा. त्या तोंडांतून कूलंट पाझरलं, की आणखी पुराव्याची गरज नाही. नाही पाझरलं, तर हेड गॅस्केट, हीटर कोर यांच्याकडे वळायचं. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर आणि झाकण उघडं ठेवून इंजिन चालवल्यावर येणारे बुडबुडे गॅस्केटकडे बोट दाखवतात.

एक स्वस्त शक्यता मात्र आधी तपासावी, विशेषतः एटीएफ लालचुटुक असेल तेव्हा. कूलंट कमी झालं की तापमानाचा सेन्सर कधी पाण्यात, कधी हवेच्या पोकळीत राहतो आणि कॉम्प्युटरला भलतेच आकडे पाठवतो. इंजिन गार आहे असं वाटलं की कॉम्प्युटर लॉकअप देत नाही, गरम दिसलं की देतो. परिणामी रेस वर-खाली होते आणि गिअरबॉक्स बिचारा निर्दोष असतो. स्कॅनर लावून चालत्या गाडीत कूलंटचं तापमान पाहिलं, की हे पाच मिनिटांत कळतं. बाहेरची गळती काढून, हवा नीट बाहेर काढत कूलंट भरलं, की काम भागतं.

कूलरच फुटला असेल तर नवा रेडिएटर आणि एटीएफचं फ्लशिंग, तेही तेल स्वच्छ लाल येईपर्यंत पुन्हा पुन्हा. आचके सुरू होण्याआधी हे झालं तर गिअरबॉक्स बहुधा वाचतो. अस्तरं भिजून सुटली असतील तर फ्लशिंगवर पैसे घालवू नका, ओव्हरहॉलचाच हिशेब मांडा. रेडिएटरचा आतला कूलर बाद करून बाहेर वेगळा कूलर बसवणं मला जास्त खात्रीचं वाटतं. पण नुसते पाइप एकमेकांना जोडून 'बायपास केलं' म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय एटीएफ जळून जाईल.

मॅन्युअल गाड्यांना आणि २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या एएमटी गाड्यांना हा धोका नाही. त्यांच्यात टॉर्क कन्व्हर्टरच नसतो. सीव्हीटी गाड्यांमध्ये तेलाचा कूलर कुठे आहे ते पाहून ठरवावं लागतं, आणि सीव्हीटीबद्दल बोलण्यासारखं इतकं आहे की पुढचा भाग तिच्यासाठीच ठेवला आहे.