शिडाने फिरवलेलं इंजिन

वाँदे ग्लोब ही शिडाच्या नौकांची शर्यत. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ले साब्ल-दोलोन बंदरातून निघायचं, केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचं केप ल्यूविन आणि केप हॉर्न यांना वळसा घालून पुन्हा तिथेच यायचं. नौकेवर माणूस एकच. वाटेत कुठे थांबायचं नाही, कुणाची मदत घ्यायची नाही. नौकेत डिझेल इंजिन असतं, पण त्याच्या जोरावर एक हातही पुढे सरकायचं नाही, म्हणून पंख्याचा दांडा निघण्यापूर्वीच सीलबंद करतात.

मग ते ओझं न्यायचंच कशाला? विजेसाठी. एकटा माणूस चोवीस तास सुकाणू धरू शकत नाही. तो तुकड्यातुकड्यांनी झोपतो तेव्हा सुकाणू स्वयंचलित यंत्रणा सांभाळते, आणि ती चालते बॅटरीवर. हवामानाचे नकाशे, किनाऱ्याशी संपर्क, समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, सगळं बॅटरीवरच. बॅटरी भरण्याचं काम त्या काळी मुख्यतः इंजिनाचं होतं. ते बंद पडलं की शिडं शाबूत असूनही नौका लंगडी होते.

२०००-०१ च्या शर्यतीत नेमकं हेच घडलं. मिशेल देजुआयो हा ब्रिटनी प्रांतातल्या कॉंकार्नोचा, १९६५ साली जन्मलेला. वडिलांचा नौकांचा कारखाना, त्यामुळे दोरखंड आणि हत्यारं यांच्यातच वाढलेला. नौकानयनाच्या जगात त्याला ‘प्रोफेसर’ म्हणतात. ९ नोव्हेंबर २००० रोजी २४ नौका निघाल्या, त्यात त्याची ६० फुटी ‘पीआरबी’ होती. दक्षिण महासागरात, शाळेच्या भूगोलात आपण ज्यांना गरजणारे चाळीस म्हणून शिकलो त्या वाऱ्यांच्या मुलखात, त्याच्या इंजिनाचा स्टार्टर निकामी झाला. इंजिन धडधाकट होतं. त्याला पहिला धक्का देणारी विजेची मोटर तेवढी गेली होती.

इथे डिझेल इंजिनाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, डिझेलला लागत नाही. सिलिंडरमधली हवा दट्ट्याने दाबून विसाव्या हिश्शाच्या आसपास आणली की ती पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. एकदा चालू झालेल्या साध्या डिझेल इंजिनाला विजेची गरजच उरत नाही. अडचण पहिल्या फेऱ्यांची. हवा दाबायला मोठा जोर लागतो, आणि फिरवलंही जोरात पाहिजे, नाहीतर उष्णता सिलिंडरच्या भिंतीत जिरून जाते. तो जोर देताना स्टार्टर बॅटरीतून शेकडो अँपिअर खेचतो. खाऱ्या हवेत तारांच्या जोडांवर हिरवट गंज चढला, तर बॅटरी भरलेली असूनही नुसता ‘टक’ असा आवाज येतो.

विहिरीवरचं इंजिन हँडल मारून सुरू करणाऱ्यांना हे पुस्तकात वाचावं लागत नाही. आमच्या मळ्यात माझे चुलते डाव्या हाताने डीकम्प्रेशनची खिट्टी उचलून धरायचे. खिट्टी वर असली की झडप उघडी राहते, हवा दाबली जात नाही, आणि हँडल हलकं फिरतं. जड चाकाने वेग घेतला की खिट्टी सोडायची. चाकातला साठलेला जोर दट्ट्याला दाबाच्या पलीकडे नेतो आणि पहिला धूर निघतो. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे त्यांनी मला आधी शिकवलं. इंजिनाने उलटा फटका दिला तर मनगट मोडतं. आजच्या बऱ्याच नौकांच्या इंजिनांना हँडलची सोयच नसते. हा पर्याय काढून टाकणं मला मोठी चूक वाटते.

देजुआयोकडे जोर होता, पण हातात नव्हता. तो मुख्य शिडात होता. त्याने इंजिनाच्या फिरत्या चाकाला दोर गुंडाळला, कप्प्यांवरून वर नेला आणि त्याचं दुसरं टोक बूमला, म्हणजे शिडाच्या तळाच्या आडव्या काठीला, जोडलं. शीड आवळून धरायचं आणि एकदम मोकळं सोडायचं. वाऱ्याने बूम बाहेर झेपावली की दोर सपकन खेचला जातो आणि चाक गरगरतं. माणसाच्या दंडात नसलेली ताकद वाऱ्याने पुरवली आणि इंजिन सुरू झालं. हेलकावणाऱ्या नौकेवर एकट्याने हा दोर नीट ओवायचा, तोही बूमच्या फटक्यातून डोकं वाचवत! यंत्राला नक्की काय हवं आहे ते ज्याला ठाऊक असतं, त्यालाच असा उपाय सुचतो.

अशा वेळी हातघाईवर येऊन इंजिन नासवणारेही असतात. बहुतेक नौकांत समुद्राचं पाणी आत घेऊन इंजिन थंड करतात आणि तेच पाणी धुरासोबत बाहेर टाकतात. इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर पुन्हा पुन्हा मारत राहिलं, तर पंप पाणी ओढत राहतो, पण ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. पाणी सायलेन्सरमध्ये साठतं आणि उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दबते, पाणी दबत नाही. पुढच्या प्रयत्नात कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि डिझेलच्या फिल्टरमधल्या कचऱ्याएवढा किरकोळ बिघाड इंजिन खोलण्यापर्यंत जातो. म्हणून जाणते लोक दोनतीन प्रयत्नांनंतर आधी समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करतात. इंजिन सुरू झालं की तो लगेच उघडायचा, कारण पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक कोरडं फिरलं तर थोड्याच वेळात फाटतं.

आणि त्या फिल्टरच्या कचऱ्याचंही कारण आहे. टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ शांतपणे बसून असतो. बंदरात इंजिन महिनोन् महिने बिनतक्रार चालतं. वादळात नौका घुसळली गेली की तो गाळ वर येतो, फिल्टर तुंबतो, आणि खडकांपासून दूर जाण्यासाठी इंजिन हवं असतं त्याच क्षणी ते गुदमरतं. लोक त्याला नशीब म्हणतात. ते टाकी साफ न करण्याचं फळ असतं.

‘पीआरबी’ ९३ दिवस ३ तास ५७ मिनिटांत, १० फेब्रुवारी २००१ रोजी पहिली आली. इंग्लंडची चोवीस वर्षांची एलन मॅकआर्थर तिच्यामागून जेमतेम एक दिवस आणि अर्ध्या तासाने पोचली. निघालेल्या २४ पैकी १५ जणांनीच शर्यत पूर्ण केली होती.

आठ वर्षांनी, २००८ च्या शर्यतीत, देजुआयोच्या ‘फोंसिया’ नौकेत पाणी गळून विजेच्या यंत्रणेत बिघाड झाला. या वेळी किनारा मागे जवळच होता, आणि सुरुवातीच्या दिवसांत मूळ बंदरात परतून दुरुस्ती करायला नियमांची मुभा असते. तो माघारी फिरला. दुरुस्ती करून पुन्हा निघाला तेव्हा बाकीच्यांपेक्षा सुमारे चाळीस तास मागे होता. १ फेब्रुवारी २००९ रोजी ले साब्ल-दोलोनला पहिला तोच पोचला.