ग्नोम गिटकडे का वळलं?

लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या बहुतेक ॲपच्या सोर्समध्ये ‘पीओ’ नावाचं फोल्डर असतं आणि त्यात ‘एमआर.पीओ’. मेनूतली मराठी तिथून येते : वर मूळ इंग्रजी वाक्य, खाली आपलं.

ही फाइल आणि बाकीचा सोर्स यांतल्या बदलांचा इतिहास ठेवायला ग्नोम आधी सीव्हीएसवर होतं, मग सबव्हर्जनवर, आणि २००९ मध्ये गिटवर आलं. सबव्हर्जनचा इतिहास सर्व्हरवर. कमिट करायला, म्हणजे बदल नोंदवायलाही नेट लागतं. गिटमध्ये तो अख्खा आपल्या मशीनवर. जुलैत मालवणात लाइट गेली की नेटही गेलंच समजा. तरी बॅटरी आहे तोवर भाषांतर करा, कमिट करा. पुश, म्हणजे सर्व्हरवर पाठवणं, नेट आल्यावर.

मर्क्युरियलही असंच चालतं. माझ्या मते शिकायला गिटपेक्षा सोपं! पायथॉन आणि मोझिलाने तेच घेतलं होतं. पण नवीन येणारा गिट शिकूनच येतो. २०१७ मध्ये पायथॉन गिटवर गेलं, २०२३ मध्ये मोझिलानेही तोच निर्णय जाहीर केला. मोठ्या प्रकल्पात सोपेपणापेक्षा माणसं कुठे आहेत हे जड भरतं.

गिटमध्ये अख्खा इतिहास उतरतो, म्हणून मोबाईल डेटावर असाल तर क्लोन करताना (म्हणजे पहिल्यांदा उतरवून घेताना) ‘डेप्थ १’ द्या, फक्त शेवटची आवृत्ती उतरते. बाकीचा इतिहास वायफाय मिळाल्यावर ‘फेच’ला ‘अनशॅलो’ देऊन ओढा.