मीठ दोनदा पडते तेव्हा

सकाळी सव्वासातला, शाळेच्या रिक्षेचा भोंगा कोणत्याही क्षणी गल्लीच्या तोंडाशी वाजेल अशा वेळी, मटकीच्या उसळीचा थेंब मी जिभेला लावला आणि घरातील दोन कर्तबगार माणसांनी, म्हणजे मी आणि माझ्या आईने, परस्परांना न विचारता तीत मीठ घातले आहे याची तत्काळ खातरजमा झाली. नव्याने काही रांधण्याची मुदत उरली नव्हती, आणि मुलाला कोरड्या पोळीवर पाठवण्याची मुभा तर कोणत्याच आजीच्या राज्यात नसते. "बटाटा चिरून टाक, मीठ ओढून घेईल," असा हुकूम झाला.

बटाट्याविषयीची ही श्रद्धा पुष्कळ घरांत पिढीजात चालत आली असली तरी ती फारशी खरी नाही, हे आईसमोर बोलून दाखवण्याचे धैर्य मला त्या घटकेस झाले नाही. बटाटा मीठ तेवढे निवडून घेत नाही. तो खारट पाणीच शोषतो, आणि मागे राहिलेला रस जवळजवळ पूर्वीइतकाच खारट राहतो. त्याचा उपयोग होतो तो पदार्थ वाढतो म्हणून; मग त्याच्या शिजण्याची वाट पाहत घड्याळाकडे डोळे कशाला लावावेत? मीठ बहुतांशी रसात विरघळलेले असते; सबब निम्मा रस वाटीत काढून ठेवावा, तेवढेच आधणाचे पाणी उसळीत ओतावे आणि दोन उकळ्या येऊ द्याव्यात, की खारटपणा पुष्कळच उतरतो. रस फार पातळ वाटला तर मूठभर दाण्याचे कूट त्याला अंगचा दाटपणा देते. चिंचगुळाने मीठ रतीभरही घटत नाही, जीभ मात्र फसते. आणि अडचणीच्या वेळी जिभेशी केलेली तडजोड मी तरी निषिद्ध मानीत नाही.

करपण्याचे प्रकरण निराळ्या जातीचे आहे. भांड्यात पाणी असेतोवर तेथील उष्णता 100 अंश सेल्सियसच्या फारशी पुढे जात नाही. तळचे पाणी आटले, की मुलाच्या बुटाची नाडी बांधून परत येईपर्यंत खिचडीचा तळ काळा पडलेला असतो, आणि त्या खपलीचा कडवटपणा कितीही पाणी ओतले तरी धुतला जात नाही. येथे उपाय एकच, फारकतीचा: गॅस बंद करावा आणि पळी तळाशी न नेता वरवरची खिचडी अलगद दुसऱ्या पातेल्यात काढावी. घाबरलेला माणूस नेमका याच वेळी खालपासून ढवळतो आणि तळाचा अपराध सगळ्या पातेल्याच्या माथी मारतो. "हात आवर," हे आईचे वचन या बाबतीत सर्वथा प्रमाण. जळलेल्या फोडणीलाही हाच न्याय. दोन पळ्या तेलाच्या लोभाने आख्खी आमटी कडू करण्यात शहाणपण नाही.

बाकीचे प्रमाद किरकोळ. गिचका भात थालीपिठाच्या पिठात निमूटपणे सामावतो. फुटलेल्या कढीत चमचाभर बेसन पाण्यात कालवून घालावे, रवीने घुसळावे आणि मंद आचेवर ढवळत राहावे.

मात्र रात्रभर ओट्यावर राहून गेलेल्या भाताची गय करू नये. फोडणीचा भात मलाही प्रिय आहे. परंतु शिजवूनही तग धरणारी काही जिवाणूंची बीजे उबेला वाढतात आणि त्यांनी निर्माण केलेले एक विष कढईच्या उष्णतेनेही नाहीसे होत नाही. उरलेला भात तास-दोन तासांच्या आत शीतकपाटात गेला असेल तरच सकाळी त्याला फोडणी द्यावी.

त्या दिवशी डबा वेळेवर गेला आणि रिकामा परत आला. वाटीत काढून ठेवलेला रस रात्रीच्या आमटीत गेला. त्या आमटीला वेगळे मीठ लागले नाही.