पाहुणा पतंग कधी मुक्काम ठोकतो? भूक, मीलन आणि पंखांच्या स्नायूंचा हिशोब

नालछा (जि. धार) : धारहून मांडूकडे जाताना नालछ्याच्या आसपास रब्बीत गहू-हरभऱ्याची शिवारं लागतात. इथे अळीला 'इल्ली' म्हणतात, खाली खानदेशात घाटेअळी, लष्करी अळी. नावं वेगळी, पण दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचा प्रश्न एकच : चार दिवसांपूर्वी शेत स्वच्छ होतं, मग एवढ्या अळ्या आल्या कुठून?

काही गावातल्याच असतात, काहींच्या आया रात्री वाऱ्याबरोबर दुरून आलेल्या असतात. घाटेअळी आणि लष्करी अळी या दोन्हींचे पतंग लांबचा प्रवास करू शकतात. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याजवळ पहिल्यांदा नोंदली गेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. तिचा पतंग एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. नालछ्याहून सेंधव्यापलीकडची महाराष्ट्राची हद्द सरळ रेषेत जवळपास तेवढीच आहे.

पण पतंग उडत राहणार की थांबून अंडी घालणार, हे एकट्या वाऱ्यावर ठरत नाही. त्याच्या शरीरातही एक हिशोब चालू असतो.

छातीतलं इंजिन

पतंगाचे पंख हलवणारे स्नायू छातीत असतात आणि छातीचा बहुतेक भाग त्यांनीच भरलेला असतो. लांबच्या उड्डाणाला इंधन लागतं ते चरबीचं. यातली बरीच चरबी अळीने पिकावर ताव मारून साठवलेली असते. पतंग झाल्यावर पानं खाणं बंद, फक्त फुलातला मध आणि गोड रस पिणं.

अडचण इथेच आहे. मधातून साखर मिळते, प्रथिनं जवळजवळ नाहीत. अंडी भरायला मात्र प्रथिनं हवीत. म्हणजे बऱ्याच अंशी अळीपणी जमवलेल्या शिदोरीतून उडायचंही आणि अंडीही घालायची. म्हणून प्रवासी कीटकांत बहुधा आधी प्रवास होतो, मग प्रजनन.

पहिल्या दिवसाचा उपास

उपाशी पतंग अन्न शोधायला दूर उडून जाईल, असंच कुणालाही वाटेल. लष्करी अळीच्या पतंगांवर चीनमध्ये झालेल्या प्रयोगांत उलटं दिसलं. कोषातून बाहेर पडल्यावर पहिले २४ तास पतंग उपाशी राहिला, तर तो प्रवासाचा बेत सोडून 'स्थानिक' होतो. त्याच्या अंगात ज्युव्हेनाइल हार्मोन लवकर वाढतं, अंडाशय लवकर पिकतात आणि अंडी घालायला लवकर सुरुवात होते. पहिला दिवस पोटभर मिळून निघून गेला, तर नंतरच्या उपासाने हा बेत तसा बदलत नाही. फक्त इंधन कमी पडतं आणि उड्डाण आखूड होतं.

मीलनानंतर उतरती कळा

कोषातून निघाल्यावर पंखांचे स्नायू काही दिवस भरत जातात. मीलन झालं, अंडी पिकू लागली की पारडं दुसरीकडे झुकतं. अनेक कीटकांत हेच हार्मोन एकीकडे अंडी वाढवतं आणि दुसरीकडे उडण्याचे स्नायू विरघळवायला लावतं. सुटलेली प्रथिनं अंड्यांच्या कामी येतात. घर बांधायला गाडी विकावी, तसा हा व्यवहार.

मात्र सगळ्या जातींत हे एकाच मापाने होत नाही. घाटेअळीची मादी मीलनानंतरही उडू शकते. लांबच्या प्रवासाची ओढ कमी झाली, तरी या शेतातून त्या शेतात फिरून एकेक अंडं टाकायला पंख लागतातच.

शेतात याचा उपयोग काय?

पहिली गोष्ट, बांधावरची फुलं उपटून पतंग 'उपाशी मारण्याचा' विचार कामाचा नाही. वर सांगितलेले प्रयोग पाहता, उपाशी नवा पतंग उलट इथेच थांबू शकतो. शिवाय त्या फुलांवर अळ्यांचे शत्रू असलेले मित्रकीटकही जगतात.

दुसरी गोष्ट कामगंध सापळ्यांची. सापळ्यातल्या गोळीला मादीचा वास असतो, त्यामुळे त्यात नरच अडकतात. नर अडकू लागले म्हणजे ते मीलनाला तयार आहेत आणि मादीही आसपास असू शकते. ती थांबली तर अंडी याच शिवारात पडणार. घाटेअळीचं अंडं साधारण तीन-चार दिवसांत फुटतं. म्हणजे पतंग दिसल्यापासून अळी दिसेपर्यंत हाताशी आठवडाही नसतो.

हरभऱ्यात हेक्टरी ५ सापळे लावावेत, गोळी घाटेअळीचीच आहे ना ते पाहावं आणि रोज सकाळी पतंग मोजावेत. सलग दोन-तीन दिवस एका सापळ्यात ८ ते १० पतंग आले, तर झाडं तपासून अंडी आणि बारीक अळ्या शोधाव्यात. या टप्प्यावर ५ टक्के निंबोळी अर्क किंवा संध्याकाळच्या वेळी एचएएनपीव्ही हे विषाणूजन्य कीटकनाशक चांगलं काम करतं. अळी मोठी होऊन घाट्यात तोंड घालून बसली की महागडं औषधही वाया जातं.

तिसरी गोष्ट शेजाऱ्याची. सापळ्याचा आकडा एका शेतापुरता ठेवून भागत नाही. माळव्यात पतंग वाढल्याची खबर निमाड आणि खानदेशातल्या सोयऱ्यांना फोनवर कळवली, तर खालच्या शेतकऱ्याला सापळे लावायला थोडा वेळ मिळू शकतो. खालून वर आलेल्या खबरीचंही तसंच. राज्याची हद्द माणसांसाठी आहे, पतंगांसाठी नाही.